एलियनशी गट्टी, व्हाया शीळफाटा

सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा आहे. घरच्यांच्या नोकरीमुळे तो एका नव्या वस्तीत राहायला आलाय. वस्ती अजून पुरी व्हायचीय. निम्म्या इमारती उभ्या, निम्म्यांवर क्रेन. रस्ते कायम खणलेले, हवेत धूळ. पाणी टँकरने येतं. जुने मित्र लांब राहिले, नवे अजून झालेले नाहीत. वस्तीच्या मागे डोंगर आहे आणि डोंगराच्या पलीकडे ‘ते’ राहतात. ‘ते’ नेमके कोण, हे मोठ्यांनाही नीट माहीत नाही. पण तिकडे फिरकायचं नाही, एवढं सगळ्यांनी बजावून ठेवलंय. मुलगा अर्थातच जातो.

आता सांगा, ही गोष्ट कुठली? कल्याण-शीळ रोडवर राहणारा कुणीही म्हणेल, ‘आमच्याकडची!’ सायफायचा शौकीन म्हणेल, ‘परग्रहावरची.’ दोघांचंही बरोबर आहे. माणसाने नुकत्याच वसवलेल्या ग्रहावर एखादा टीनएजर तिथल्या बुद्धिमान जिवाशी दोस्ती करतो, हा विज्ञानकथेतला एक जुना आणि लाडका प्रकार. आणि अशा ग्रहाचं वर्णन वाचताना मुंब्रा, महापे, पनवेल आणि कल्याण या चारही दिशांचं ट्रॅफिक जिथे येऊन तुंबतं, तो शीळफाटा डोळ्यांसमोर आला नाही तरच नवल. एका बाजूला पारसिकचा डोंगर, दुसऱ्या बाजूला भातशेतीवर उगवलेले टॉवर. बीकेसीहून येणारा बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा ठाणे खाडीच्या पोटातून येऊन बाहेर पडतो, तोही इथेच. यातले ७ किलोमीटर खाडीखालून. अंतराळयान उतरायला याहून बरी जागा सापडायची नाही.

गंमत बाजूला ठेवू. या प्रकारच्या गोष्टी एक खरा प्रश्न विचारत असतात. जो आपल्यासारखा अजिबात नाही, ज्याची भाषा, शरीर, सवयी, सगळंच वेगळं आहे, त्याच्याशी मैत्री करायची म्हणजे नक्की काय करायचं? कॉलेजच्या पहिल्या दिवशी अनोळखी वर्गात शिरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न थोडाफार पडलेला असतो.

गोष्टींमधले दोस्त

या प्रकारातलं एक गाजलेलं पुस्तक म्हणजे रॉबर्ट हाइनलाइन या अमेरिकन लेखकाचं ‘रेड प्लॅनेट’. साल १९४९. मंगळावरच्या वसाहतीत राहणाऱ्या जिमने एक केसाळ, चेंडूसारखा प्राणी पाळलाय. त्याचं नाव विलिस. ऐकलेला कुठलाही आवाज विलिस हुबेहूब परत ऐकवतो, आजच्या भाषेत चालताबोलता व्हॉइस रेकॉर्डर. जिम शिकायला हॉस्टेलवर जातो, विलिसलाही घेऊन जातो. तिथला हेडमास्तर विलिसला जप्त करतो, आणि पुढे कळतं की त्याला लंडनच्या प्राणिसंग्रहालयाला विकायचा बेत आहे. पण मधल्या काळात विलिसने हेडमास्तरांच्या खोलीतलं बोलणं ऐकलेलं असतं. वसाहत चालवणारी कंपनी पैसे वाचवण्यासाठी रहिवाशांना ऐन हिवाळ्यात तिथेच अडकवून ठेवणार, हा कट त्याच्याच तोंडून फुटतो. जिम आणि त्याचा मित्र गोठलेल्या कालव्यांवरून स्केटिंग करत घरी पळतात. वाटेत त्यांना मोठे मंगळवासी भेटतात. मंगळावर पाणी दुर्मीळ, त्यामुळे तिथे कुणाबरोबर पाणी वाटून पिणं हाच मैत्रीचा सोहळा. घरात पाऊल टाकणाऱ्याला आधी पाणी विचारणाऱ्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. टँकरची वाट बघणाऱ्या सोसायटीला तर नाहीच.

शेवटी कळतं की जिम ज्याला पाळीव प्राणी समजत होता, तो विलिस म्हणजे मंगळवासीयांचंच पिल्लू आहे. माणसांना ग्रहावरून हाकलून द्यायचं, हे मंगळवासीयांनी जवळजवळ ठरवलेलं असतं. ते थांबतात ते जिम आणि विलिसच्या दोस्तीमुळे. मोठ्यांच्या करारांनी जे साधलं नसतं, ते एका पोराच्या जिव्हाळ्याने साधलं.

१९५४ च्या ‘द स्टार बीस्ट’मध्ये हाइनलाइनने हाच मामला उलटा केला. जॉन थॉमस नावाच्या मुलाच्या घरी पणजोबांच्या काळापासून लमॉक्स नावाचा अगडबंब प्राणी आहे. घरातल्या प्रत्येक पिढीत एक जॉन थॉमस असतो आणि तो लमॉक्सला सांभाळतो. अखेरीस उलगडतं ते असं की लमॉक्सच्या हिशेबात तीच इतकी वर्षं एकामागून एक जॉन थॉमस पाळत आलीय. हौस म्हणून!

तिसरं पुस्तक १९६२ चं, एच. बीम पायपर यांचं ‘लिटल फझी’. यातला नायक टीनएजर नाही, रत्नांच्या शोधात भटकणारा वयस्क माणूस आहे. पण शीळफाट्याच्या वाचकाला हे सगळ्यांत जवळचं वाटेल, कारण भांडण जमिनीचं आहे. एक अख्खा ग्रह एका कंपनीच्या मालकीचा. अट एकच, तिथे मूळची बुद्धिमान जमात नसावी. मग हे सोनेरी केसांचे छोटे जीव सापडतात. ते बुद्धिमान ठरले तर कंपनीचा हक्क संपला. म्हणून कंपनी म्हणते, ही जनावरं आहेत, यांना भाषासुद्धा नाही. खटला कोर्टात उभा राहतो. आणि पुढे लक्षात येतं की हे जीव सतत बोलत होते. त्यांचा आवाज माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या पट्टीच्या वरचा होता, एवढंच.

तीन पुस्तकं, तीन मुद्दे. समोरच्याचं ऐकू येत नाही म्हणून तो मुका ठरत नाही. कोण कुणाला सांभाळतंय, याबद्दल आपली समजूत चुकीची असू शकते. आणि समोरच्याला ‘कुणीतरी’ मानणं यात बऱ्याचदा कुणाचा तरी पैसा अडकलेला असतो.

आपला जादू, आपले नारळीकर

भारतीय एलियन मात्र आपल्याकडे आला तो दबलेल्या माणसाला हात द्यायला. ‘लिटल फझी’ आलं त्याच १९६२ साली सत्यजित राय यांनी ‘बंकुबाबूर बंधू’ ही बंगाली गोष्ट लिहिली. बंकुबाबू गावातले साधे शाळामास्तर. अड्ड्यावरची मंडळी रोज त्यांची टर उडवतात. एका रात्री बांबूच्या बनात दुसऱ्या ग्रहावरचा पाहुणा उतरतो, बंकुबाबूंशी प्रेमाने बोलतो, आणि दुसऱ्या दिवशी बंकुबाबू आयुष्यात पहिल्यांदा त्या टोळक्याला खडे बोल सुनावून बाहेर पडतात. पुढे १९६७ च्या सुमारास राय यांनी ‘द एलियन’ नावाची पटकथा लिहिली. तो सिनेमा कधीच झाला नाही. २००३ मध्ये आलेला ‘कोई मिल गया’मधला जादू तर तुमच्यापैकी बहुतेकांनी टीव्हीवर पाठ होईपर्यंत पाहिलाय. ‘धूप’ मागणारा निळा पाहुणा आणि वर्गात चेष्टा सहन करणारा रोहित.

मराठीत या सगळ्याची पायवाट पाडणाऱ्यांमध्ये भा. रा. भागवत आहेत, ज्यूल व्हर्नला मराठीत आणून त्यांनी मुलांना अंतराळाची चटक लावली. नारायण धारप, लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर ही पुढची नावं. आणि अर्थात जयंत नारळीकर. त्यांच्या पहिल्या मराठी विज्ञानकथेचा किस्सा तुम्हाला आवडेल. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने एक कथा आली. नाव होतं ‘कृष्णविवर’. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. मग उलगडा झाला की हे जगताप म्हणजे जगभर नाव असलेले खगोलशास्त्रज्ञ आहेत. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून त्यांनी ‘ना. वि. ज.’ बनवलं होतं, म्हणजे निकाल नावावर नको, गोष्टीवर लागावा. परग्रहावरच्या प्रगत जिवांशी संपर्क हा विषय त्यांनी पुढे ‘प्रेषित’ कादंबरीत घेतला. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं, तेव्हा अनेक घरांत त्यांची जुनी पुस्तकं पुन्हा कपाटातून बाहेर निघाली.

पण नारळीकर काय किंवा राय काय, ही सगळी कल्पनेतली दोस्ती. खऱ्या जगात माणसाने एलियनशी मैत्रीसाठी हात पुढे केला आहे का? केलाय. दोन तऱ्हांनी. आणि दोन्हींत आपली माणसं, आपली गावं आहेत.

आधी ऐकायचं: कल्याण ते खोडद

शीळफाट्याहून निघून कटई नाका, डोंबिवली करत रस्ता जिथे संपतो, ते कल्याण. १९६५ साली या कल्याणजवळ भारताच्या रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले गोविंद स्वरूप आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी तिथे जेमतेम ६ फूट व्यासाच्या ३२ तबकड्या मांडून रेडिओ दुर्बीण उभी केली. या तबकड्या सेकंडहँड होत्या. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ त्यांचं काम संपलं होतं. स्वरूप पंचविशीत तिथे शिकायला गेले असताना त्यांच्या डोक्यात आलं, या भंगारात काढण्यापेक्षा भारताला द्या की! तबकड्या भारतात आल्या, काही वर्षं दिल्लीत पडून राहिल्या आणि शेवटी कल्याणला पोचल्या. त्यांनी सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी ऐकल्या.

रेडिओ दुर्बीण म्हणजे एक कान. आकाशातल्या वस्तूंकडून येणाऱ्या रेडिओलहरी ती टिपते. दिवसाही, ढग असतानाही. कुठल्या तरी ताऱ्याभोवती कुणी हुशार मंडळी असतील आणि त्यांनी निरोप धाडला असेल, तर तो रेडिओलहरींवर असण्याची शक्यता चांगली आहे, असं शास्त्रज्ञ मानतात. या लहरी अंतराळातल्या धुळीतून फारशा न अडखळता लांब जातात आणि त्या पाठवायला ऊर्जाही कमी लागते. विश्वात सगळ्यांत जास्त असलेला हायड्रोजन साधारण १४२० मेगाहर्ट्झवर कुजबुजत असतो. खगोलशास्त्र येणाऱ्या कुणालाही ही वारंवारता माहीत असणार, म्हणून शोधणारे तिच्या आसपास कान लावतात. १५ ऑगस्ट १९७७ ला अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका दुर्बिणीला याच भागात ७२ सेकंदांचा एक जोरदार संदेश मिळाला. छापील आकड्यांवर खगोलशास्त्रज्ञाने पेनाने ‘वॉव’ असं लिहिलं, तेच नाव त्याला चिकटलं. तो पुन्हा कधी ऐकू आला नाही. एकदाच मिस्ड कॉल आणि नंतर नंबर बंद.

कल्याणचा तो छोटा कान पुढे मोठा झाला. स्वरूप यांनी आधी उटीला आणि मग पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला दुर्बीण उभारली. खोडदची जीएमआरटी म्हणजे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, जवळजवळ २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. या कानाला किती बारीक ऐकू येतं? १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं ‘स्किआपरेली’ हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा अगदी क्षीण आवाज कोट्यवधी किलोमीटरवरून टिपला तो खोडदच्या तबकड्यांनी. उतरता उतरता तो आवाज बंद झाला, हेही आधी तिथेच कळलं. यान मंगळावर आपटलं होतं.

तुम्हाला हे बघता येतं. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने खोडदला विज्ञान प्रदर्शन भरतं. शाळा-कॉलेजची मुलं आपापले प्रकल्प घेऊन येतात. आपल्याकडून मुरबाड, माळशेज, ओतूर करत जाता येतं. खोडदची जागा निवडण्याचं एक मोठं कारण होतं तिथली रेडिओ-शांतता. आपले मोबाइल, टॉवर, गाड्या मिळून एवढा गोंगाट करतात की त्यात आकाशाचा आवाज बुडून जातो. थोडक्यात, दुसऱ्याचं ऐकायचं तर आधी आपला आवाज कमी करावा लागतो. ग्रुपमध्ये सतत स्वतःच बोलणाऱ्या दोस्ताला हे वाक्य फॉरवर्ड करायला हरकत नाही.

मग बोलायचं: मराठीत ‘नमस्कार’

दुसरी तऱ्हा म्हणजे आपणहून निरोप पाठवणं. आणि हा निरोप मराठीतही गेलाय, हे किती जणांना माहीत आहे?

वॉव संदेशानंतर पाचच दिवसांनी, २० ऑगस्ट १९७७ ला अमेरिकेने ‘व्हॉयेजर २’ आणि ५ सप्टेंबरला ‘व्हॉयेजर १’ सोडलं. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डसारखी. वाजवायची कशी, याचं चित्र वरच कोरलंय. कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. तिच्यात पृथ्वीची शंभरावर चित्रं आहेत, पाऊस-वारा-पक्ष्यांचे आवाज आहेत, साधारण दीड तासाचं संगीत आहे आणि ५५ भाषांमधले नमस्कार आहेत. त्यात एक मराठी आहे. एक मराठी बाई शांतपणे नमस्कार म्हणतात, पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा कळवतात आणि या जन्मी तुम्ही धन्य व्हावं, अशी इच्छा व्यक्त करतात. थेट आशीर्वादच!

बाकीच्यांचे निरोपही ऐकण्यासारखे आहेत. गुजराती निरोप थोडक्यात आणि मुद्द्याचा: पृथ्वीवरच्या माणसाचा नमस्कार, कृपया संपर्क साधा. चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या आमॉय बोलीतल्या बाईंनी तर कमाल केली. त्यांनी अंतराळातल्या मित्रांना विचारलंय, कसे आहात, जेवलात का, आणि सवड मिळाली की या आमच्याकडे. हा प्रश्न खरं तर मराठी निरोपात शोभला असता. सेगन आणि मंडळींनी काय बोलायचं ते ठरवून दिलं नव्हतं. त्यामुळे अनोळखी माणूस दारात आला तर कोण काय म्हणेल, याचा तो एक छोटासा सर्व्हेच झालाय.

याच तबकडीवर साडेतीन मिनिटांची एक भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. आवाज गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर यांचा. भारताचं तिच्यावर असलेलं हे एकमेव संगीत. व्हॉयेजर १ उडाल्यानंतर दोन आठवडेही झाले नव्हते, १६ सप्टेंबर १९७७ ला केसरबाई मुंबईत गेल्या. त्यांचा आवाज मात्र प्रवासात आहे. व्हॉयेजर १ आज इतकं लांब गेलंय की प्रकाशालाही तिथे पोचायला जवळपास एक दिवस लागतो. दुसऱ्या कुठल्या ताऱ्याच्या जरा आसपास पोचायला त्याला साधारण ४० हजार वर्षं लागतील. तेही जवळ म्हणजे दीड प्रकाशवर्षाहून जास्त अंतरावरून.

म्हणजे या निरोपाला उत्तर येईल, अशी आशा कुणालाच नव्हती. तरी पाठवला. ब्लू टिक दिसण्याची खात्री नसताना चांगलं बोलायचं, हेसुद्धा मैत्रीत मोडतं.

खिडकीतला एलियन

४० हजार वर्षं थांबायला वेळ नसेल, तर जवळचा पर्याय आहे. आपल्याहून पूर्ण वेगळं शरीर, वेगळी भाषा, पण भरपूर डोकं असलेला एक जीव रोज तुमच्या खिडकीच्या ग्रिलवर येऊन बसतो. कावळा.

हसू नका. माणूस आणि पक्षी यांचा समान पूर्वज ३० कोटी वर्षांपूर्वीच्याही मागे जातो. पक्ष्याचा मेंदू आपल्यापेक्षा वेगळ्या घडणीचा आहे, तरीही कावळ्याच्या कुळाने त्यातून तल्लख बुद्धी कमावली. अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ च्या सुमाराला एक प्रयोग सुरू केला. गुहामानवाचा मुखवटा घालून त्यांनी काही कावळे पकडले, पायात कडी अडकवली आणि सोडून दिले. नंतर तोच मुखवटा घालून कुणीही कॅम्पसमध्ये फिरलं की कावळे कलकलाट करून त्याच्या मागे लागत. दुसरा मुखवटा घातला तर काही नाही. पकडले न गेलेले कावळेही यात सामील झाले आणि वर्षांमागून वर्षं हा राग टिकला. याच शहरातल्या एका लहान मुलीची गोष्ट २०१५ मध्ये जगभर गाजली. ती रोज कावळ्यांना खायला ठेवायची आणि कावळे त्याच जागी मणी, बटणं, चमकणारे तुकडे आणून टाकायचे. म्हणजे राग लक्षात राहतो, तसा लळाही.

आपला गावकावळा, राखाडी मानेचा, वेगळ्या जातीचा असला तरी त्याच कुळातला. तो माणसाशिवाय राहतच नाही. नवी वसाहत झाली की पहिला रहिवासी तोच. जहाजांतून, माणसांच्या हातून तो पूर्व आफ्रिकेपर्यंत गेलाय. तिथे तो इतका वाढला की २०२४ मध्ये केनियाने दहा लाख कावळे मारायची योजना जाहीर केली. एका ठिकाणचा ‘आपला’ दुसऱ्या ठिकाणी परग्रहवासी असतो, तो असा. आपण त्याची वाट बघतो ती पितृपक्षात आणि दहाव्याच्या घाटावर. उरलेलं वर्ष त्याला हाकलण्यात जातं. मारुती चितमपल्लींनी मात्र कावळ्यांच्या वसतिस्थानासाठी ‘काकागार’ असा देखणा मराठी शब्द घडवला. ज्याला नाव देतो, त्याच्याकडे आपण जरा नीट बघतो.

करून बघायचं असेल तर प्रयोग सोपा आहे. वेळ एक, जागा एक, खाणं थोडं, चिप्स-फरसाण नको. टक लावून बघायचं नाही, कारण प्राण्यांच्या जगात रोखून बघणं म्हणजे धमकी. मोबाइल लगेच पुढे करायचा नाही. कुठला कावळा कधी आला, कसा ओरडला, त्यावर दुसऱ्यांनी काय केलं, हे महिनाभर वहीत लिहायचं. सोसायटीत शेजाऱ्यांना त्रास होणार नाही, एवढं सांभाळायचं. महिन्याभरात तुम्हाला ‘कावकाव’ एकच नाही हे कळायला लागेल. आणि कदाचित कळेल की एवढे दिवस तोही तुमचा अभ्यास करत होता. लमॉक्सला विसरू नका.

डोंगरापलीकडचे ‘ते’

आता सगळ्यांत अवघड दोस्तीकडे येऊ. तिला दुर्बीण लागत नाही.

शीळफाट्याच्या आसपास राहायला आलेले आपण बहुतेक जण नवखे. कुणी परळ-लालबागमधून, कुणी डोंबिवलीच्या जुन्या चाळीतून, कुणी साताऱ्या-सांगलीहून, कुणी उत्तर प्रदेशातून. आपण ज्याला ‘डेव्हलपिंग एरिया’ म्हणतो, तिथे आधीपासून गावं आहेत. शीळ, देसाई, पडले, खिडकाळी. खिडकाळेश्वराचं जुनं शिवमंदिर आहे. गावदेव्या आहेत. भात पिकवणारी, खाडीचं म्हावरं जाणणारी आगरी-कोळी घरं आहेत. त्यांची बोली आहे, हळदीची गाणी आहेत. आता जरा त्यांच्या ओट्यावर बसून बघा. एक दिवस भाताच्या खाचरात चकचकीत काचांची यानं उतरली. त्यांच्याभोवती भिंती उठल्या. गेटवर रखवालदार बसले. आतली माणसं वेगळंच बोलतात, आपल्या शेताच्या नावाऐवजी कुठल्या तरी इंग्रजी नावाने पत्ता सांगतात आणि गावातून जाताना गाडीच्या काचा वर करतात. या गोष्टीत परग्रहवासी कोण?

दोन्हीकडून गैरसमजांची कमी नाही. ‘गाववाले’ म्हटलं की टॉवरमधल्या काहींच्या कपाळावर आठी येते, ‘बिल्डिंगवाले’ म्हटलं की गावातल्या काहींच्या. जमीन, पाणी, पार्किंग, रस्ते, प्रत्येक भांडणात खरे पैसे आणि खरी दुखणी अडकलेली आहेत. ‘लिटल फझी’तला कोर्टाचा मामला इथे कल्पनेतला राहत नाही. ही भांडणं तुम्ही-आम्ही मैत्री करून मिटणार नाहीत, त्यांना कायदा आणि चांगला कारभारच लागेल. पण हे भांडण दोन वस्त्यांमधलं आहे, की माणसांच्या दोन जातींमधलं, हे मात्र तुमच्या वयात ठरतं. एकाच कॉलेजात, एकाच बसला लटकत, एकाच ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकून दोघं येत असतात. आणि कँटीनमध्ये दोन वेगळ्या टेबलांवर बसतात.

मोठी माणसं जागेचा हिशेब आणि जुने राग घेऊन येतात. सोळा-सतराव्या वर्षी ते ओझं खांद्यावर आलेलं नसतं. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी या कामासाठी पुन्हा पुन्हा टीनएजरच का निवडला, याचं माझ्या मते हेच कारण असावं. जिमला विलिस म्हणजे करारातली एक बाजू वाटली नाही, तो त्याचा यार होता. म्हणून मंगळवासीयांनी त्याचं ऐकलं.

तेव्हा सुरुवात छोटी करा. वर्गातल्या गावच्या मुलाला त्याच्या बोलीतले दहा शब्द विचारा आणि ते नक्कल करून हसण्यासाठी वापरू नका. त्याच्या आजीला विचारा, आज आमचा टॉवर आहे तिथे आधी काय होतं, त्या शेताला नाव काय होतं. गावातल्या दोस्तांनो, तुम्हीही एकदा त्या गेटच्या आत या. तिथलं पोरगं कदाचित नव्या ग्रहावर एकटंच पडलेलं असेल. आणि जे ऐकाल, ते लिहा. टॉवर, खाडी, बोगदा, कावळे आणि गावदेवी एकाच गोष्टीत असलेली विज्ञानकथा लिहायला तुमच्याइतकं जवळ कुणीच राहत नाही. नाव छापायचा संकोच वाटला तर जगताप म्हणून पाठवा, त्या नावाचा पायगुण चांगला आहे.

आणि कुणी पाहुणा आलाच, कुठल्याही ग्रहावरून, तर काय बोलायचं याची चिंता नको. नमस्कार आपण १९७७ मध्येच कळवलाय. राहिलंय ते पाणी विचारायचं.